कपाटावरची खेळणी

पिशवीची चेन ओढली आणि आत काहीतरी खुळखुळलं. गोराताचा हात जागच्या जागी थांबला. चौकड्यांची ही भलीमोठी पिशवी गावाकडून, बोबोनोंगहून, बसच्या टपावर बसून गाबोरोनला आली होती आणि आल्यापासून पलंगाखाली पडून होती. सेतुन्याची खेळणी, असं म्हणून गोराताच्या आईनं, केनेल्वेनं, ती नातीबरोबर पाठवली होती. आज शनिवार, कामाला सुट्टी. गोरातानं सकाळीच कंबर कसली होती. टबभर साबणाचं पाणी, शेजारी जुना टूथब्रश, मोडक्यांसाठी एक खोकं, धडक्यांसाठी दुसरं. इतकी वर्षं खेळून खेळून चाकं उडालेल्या गाड्या निघतील, एका डोळ्याच्या बाहुल्या निघतील, अशी तिची अटकळ होती. वर आला तो पिवळा खुळखुळा. पुठ्ठ्यावर बसवलेला, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचं टोपण, टोपणाला साधी चीर नाही. सेतुन्या जन्मली त्या आठवड्यात गोरातानंच तो घेतला होता. त्याखाली रंगीत कड्यांची उतरंड, खोक्यातच. त्याखाली बोलणारी बाहुली, कारखान्यात बांधली होती तशीच मानेला आणि मनगटांना तारेनं जखडलेली. एकेक वस्तू ती बाहेर काढत गेली. एकही खोकं उघडलेलं नव्हतं.

खिडकीतून अंगणाचा एक कोपरा दिसत होता. तिकडं लिंबोणीखाली सेतुन्या पाठमोरी बसली होती. सहा वर्षांची, पाठ ताठ, मान बारीक. सोमवारी शाळा उघडणार होती आणि नवा गणवेश इस्त्री करून दारामागं लटकत होता. पण केनेल्वेनं पोरीला बसमध्ये बसवताना एक अट घातली होती. रमली तर ठेव, नाही रमली तर शाळा उघडायच्या आधी रविवारच्या बसनं परत पाठव, इथं काय शाळा नाही? गोराता तेव्हा हसली होती. न रमायला काय झालं? आणि खरंच, पोरीनं त्रास असा काहीच दिला नव्हता. वाढलेलं खायची, सांगितलं की झोपायची, रडली म्हणून नाही. फक्त संध्याकाळी अंगातला झगा उतरवला की घडी घालून आपल्या छोट्या पिशवीत परत ठेवायची. तिच्यासाठी गोरातानं एक अख्खा खण रिकामा केला होता. त्यात अजून तळाला घातलेला वर्तमानपत्राचा कागद तेवढा होता. आणि रविवार उद्यावर आला होता.

पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव बाजूला पडतं आणि ती त्या मुलाची आई म्हणूनच ओळखली जाते, ही इथली रीतच. दुकानात, चर्चमध्ये, दवाखान्याच्या रांगेत गोराताला सगळे म्मा-सेतुन्या म्हणत. सगळं गाबोरोन तिला सेतुन्याची आई म्हणत होतं, एकटी सेतुन्या सोडून. सेतुन्या तिला ताई म्हणायची. आई म्हणजे बोबोनोंगची केनेल्वे, जिनं आंबवलेल्या ज्वारीची लापशी फुंकून फुंकून भरवली ती. यात कुणी कुणाचा अपराध केला असं गोराताला कधी वाटलं नव्हतं. ती स्वतः अशीच वाढली होती. तिची आई म्हणजे तिची आजी, आणि केनेल्वे सरहद्दीपलीकडं जोहान्सबर्गला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबणारी ताई. ती ताई पुढं म्हातारी होऊन गावी परतली, तरी गोराताच्या तोंडी ताईच राहिली. नोकरी शहरात, आजी गावात, मूल आजीपाशी, पगार झाला की भेट. जग असंच चालत होतं आणि गोराता त्यात पाय रोवून उभी होती. सेतुन्याचा बाप दुसरा संसार थाटून बसला होता, त्याचा विचार करायलासुद्धा तिला सवड नव्हती. रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती.

तरी त्या खोक्यांकडं बघताना तिला केनेल्वेचं कपाट दिसू लागलं. दर महिनाअखेरीला ती बोबोनोंगला उतरायची, हातात काहीतरी घेऊन जायची. झोपायच्या खोलीतल्या कपाटावर खेळणी ओळीनं लावलेली असायची, मोठी मागं, लहान पुढं, प्रत्येकाचं तोंड दाराकडं. ते बघून गोराताला बरं वाटायचं. ती सुपरमार्केटात मांडणीची मुख्य होती. तेलाच्या बाटल्या, साबण, पिठाच्या पिशव्या, सगळ्यांची तोंडं गिऱ्हाइकाकडं करून ओळी लावायच्या, मागचा माल पुढं ओढायचा, रिकामं भोक दिसू द्यायचं नाही, हे तिचं काम आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ताईलाही मांडणी कळते, असं तिला वाटायचं. पोरीचं खेळून झालं की कसं जागच्या जागी ठेवून देते. खोक्यातसुद्धा परत घालते म्हणजे केवढी शिस्त! आपल्या पोरीला चांगली सवय लागतेय, या समाधानात ती संध्याकाळची बस पकडायची. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपायची, आणि तिच्या स्वप्नातसुद्धा सेतुन्या त्या रंगीत कड्या एकावर एक चढवत असायची. आता त्या कड्यांच्या खोक्यावरची चिकटपट्टी तिनं नखानं खरवडून पाहिली. पिवळी पडली होती, पण सुटली नव्हती.

तिनं फोन लावला.

"ताई, ही खेळणी कुणी उघडलीच नाहीत का गं?"

"कोण उघडणार?" केनेल्वे म्हणाली. मागं कोंबड्यांचा कालवा चालला होता. "तू आणलेली. तुझ्या हातानं उघडायची. मी कोण हात लावणार?"

"अगं पण ती पोरीसाठी होती!"

"पोरीला दाखवत होते की रोज. बघ म्हटलं, ताईनं आणलंय. खाली काढून पुसत होते, परत ठेवत होते. मोडली असती म्हणजे? तू आल्यावर काय तोंड दाखवलं असतं तुला?" मग जरा थांबून, "जेवते का?"

"जेवते."

"उद्याच्या बसला बसवायची असली तर सकाळी लवकर सांग. म्हणजे मी स्टँडवर जाईन. जबरदस्ती करू नकोस हो. लेकरू आहे."

केनेल्वेच्या आवाजातली ती आशा गोराताला लख्ख ऐकू आली आणि तिला राग आला नाही. उमेदीची सगळी वर्षं केनेल्वेनं परक्यांच्या पोरांना न्हाऊमाखू घालण्यात घालवली. आई म्हणून हाक ऐकली ती पांढऱ्या केसांनी, तीही नातीच्या तोंडून. तिनं ती हाक कपाटावर ठेवली नव्हती, रोज वापरली होती. ठीक आहे, गोराता मनाशी म्हणाली. पण पोर माझी आहे आणि शाळा सोमवारी आहे. माल पडून राहिला म्हणून कुणी दुकान बंद करत नाही, माल पुढं आणायचा.

आणि ती कामाला लागली. हात चालू लागले की तिचं डोकंही ताळ्यावर यायचं. तिनं कात्रीनं खोकी उघडली, बाहुलीच्या तारा सोडवल्या. तिच्या पाठीतले सेल फुटून हिरवी बुरशी धरली होती. ती व्हिनेगरनं पुसली, नवे सेल बसवले, तरी बाहुली बोलेना. मग तिनं ती मुकीच राहू दे म्हटलं. गाड्या, कपबश्यांचा संच, लाकडी ठोकळे, सगळं साबणाच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवलं. वयाप्रमाणं वेगळं केलं. अगदी तान्ह्याचं होतं ते, म्हणजे तो खुळखुळा, न उघडताच दाराशी ठेवून दिला, शेजारच्या म्मा-कागिसोच्या नातवाला होईल म्हणून. सगळं एकदम काढायचं नाही, हेही तिला ठाऊक होतं. निम्मं ट्रंकेत, निम्मं बाहेर, महिन्यानं अदलाबदल, म्हणजे जुनंच परत नवं वाटतं. दुकानात ती हेच करायची. भाजीचे दोन लाकडी क्रेट आडवे घालून तिनं फळ्या केल्या, खाली जुनी सतरंजी अंथरली, आणि मग गुडघ्यांवर बसून सेतुन्याच्या उंचीवरून बघितलं. डोळ्यांसमोर बाहुली, हाताशी ठोकळे, खाली गाड्या. प्रत्येकाचं तोंड पुढं. ओलसर प्लास्टिकचा आणि व्हिनेगरचा वास खोलीभर पसरला होता. कोपरा असा दिसत होता की कुणाचंही मूल धावत सुटलं असतं. ती स्वतःवर खूश झाली.

"सेतुन्या! इकडं ये बघू!"

सेतुन्या दारात आली, पाय झटकले, आत आली. क्रेटांपासून दोन हात अंतरावर थांबली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत अडकवले. मान पुढं काढून तिनं एकेक खेळणं नीट पाहिलं. दुकानात नेलेल्या शहाण्या मुलासारखी.

"छान लावलंयस ताई," ती म्हणाली.

"अगं, घे की! खेळ."

"नको."

"का नको? तुझीच आहेत ही."

सेतुन्यानं तिच्याकडं जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "नाही. तुझी आहेत. आईनं सांगितलंय, ताईची आहेत, हात लावायचा नाही." मग समजूत घालावी तशी म्हणाली, "मी एकदासुद्धा नाही लावला. विचार तिला." आणि ती जशी आली तशी बाहेर गेली.

गोराता सतरंजीवर बसून राहिली. समोरची मुकी बाहुली तिच्याकडं बघत होती आणि तिला एकाएकी दुसरीच बाहुली आठवली, निळ्या झग्याची. केनेल्वेनं जोहान्सबर्गहून पाठवलेली. आजीनं ती प्लास्टिकच्या पिशवीसकट खिळ्याला टांगली होती, घड्याळाच्या शेजारी. पाहुणे आले की आजी बोट करायची, हिच्या ताईनं पाठवलीय, आणि पाहुणे कौतुकानं म्हणायचे, वा, मोठी कामाची पोरगी! गोराता अंथरुणावर पडल्या पडल्या त्या बाहुलीकडं बघायची. पिशवीच्या आत तिच्या श्वासाची वाफ धरते का, ते बघायची. एकदा आजी शेतात गेली असताना ती खुर्चीवर चढली होती. बोट पिशवीला लागलं, प्लास्टिक चुरचुरलं, आणि ती इतकी घाबरली की उतरताना खुर्चीसकट पडली. बाहुलीचे केस मऊ होते की राठ, हे तिला आजतागायत माहीत नव्हतं. ती बाहुली अजूनही तिथंच असेल, आजीच्या जुन्या घरात, पिशवी धुरानं काळी झालेली. आणि गंमत म्हणजे ती आपल्याला मिळाली नाही असं तिला तेव्हा वाटलंच नव्हतं. ती ताईची होती. ताई म्हणजे भिंतीवरची बाहुली, महिनाअखेर आणि बसचा धूर. तिला फार फार वाईट वाटलं, स्वतःसाठी नव्हे, केनेल्वेसाठी, की ती बाई त्या बाहुलीच्या रूपानं वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेली राहिली आणि कुणी तिला खाली उतरवली नाही.

टबातलं घाण पाणी फेकायला ती बाहेर आली तेव्हा कुंपणापलीकडं म्मा-कागिसो कपडे वाळत घालत होती. साठी उलटलेली, जाडजूड, तोंडानं फटकळ बाई.

"काय गं म्मा-सेतुन्या, सकाळपासून धडाधड आवाज येतोय. दुकान काढतेस की काय घरात?"

"पोरीला खेळायला कोपरा केला."

"असं होय!" म्मा-कागिसोनं तोंडातला चिमटा काढला. "आत पोरीला महाल बांधतेस आणि बाहेर तिचं घर रोज पाडतेस!"

"कुठलं घर?"

"ते काय, लिंबोणीखालचं. दुपारभर बिचारी दगड लावून लावून घर बांधते आणि सकाळ झाली की तू आपली खराटा घेऊन हजर. मी बघते ना रोज. अगं, नगरपालिकासुद्धा पाडायच्या आधी नोटीस देते!"

गोराताच्या हातातला टब तसाच राहिला. रोज उजाडताच अंगण झाडायचं, मातीत खराट्याच्या सरळ रेघा उमटल्या पाहिजेत, एक पान राहता कामा नये. अंगण झाडलेलं नसलं की या घरातली बाई अजून लोळतेय, असं सगळी गल्ली समजते. लिंबोणीखाली खडे गोळा होतात हे तिच्या नजरेला आलं होतं. कुठून येतात कोण जाणे, म्हणून ती ते रोज कुंपणाकडं लोटून देत होती. पोर उभी राहून बघत असायची. एक शब्द बोलली नव्हती. ताईचं अंगण, ताईचा खराटा. गोराताला कानाच्या पाळ्यांपर्यंत लाज वाटली. पण लाज घेऊन किती वेळ उभं राहायचं? तिनं टब उपडा घातला, हात झग्याला पुसले आणि लिंबोणीकडं गेली.

भातुकली अर्धी मांडून झाली होती. खड्यांच्या ओळी म्हणजे भिंती, मध्ये दारापुरती जागा सोडलेली. डब्याची झाकणं, ओली माती, एक अर्धी वीट. गोराता बाहेरच उकिडवी बसली.

"हे काय?"

"स्वयंपाकघर."

"आणि वीट?"

"कपाट." सेतुन्यानं वर न बघता सांगितलं. मग एक मोठा तपकिरी दगड थोपटला. "ही आई. आणि ही छोटी मी."

"आणि मी? मी कुठाय?"

सेतुन्यानं हात लांब करून नळाकडं बोट दाखवलं. तिथं, सगळ्यापासून दूर, सार्डिन मासळीच्या रिकाम्या डब्याशेजारी एक दगड एकटाच उभा केला होता. बोबोनोंगच्या नदीत सापडतात तसला, तांबड्यापांढऱ्या पट्ट्यांचा, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. सगळ्या दगडांत देखणा तोच होता.

"तू स्टँडवर आहेस," सेतुन्या म्हणाली.

गोराता उठून तो उचलायला वाकली.

"अं हं! अजून महिनाअखेर नाही झाली."

दुपारचं ऊन डोक्यावर होतं आणि नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. तो पडेपर्यंत गोराता वाकलेलीच राहिली. ती मांडणीची बाई होती. जागा ठरलेली असली तरी बदलता येते, पण ओढाताण केली की ओळ कोसळते, हे तिला कळत होतं.

"समज, आज झाली," ती म्हणाली.

सेतुन्यानं विचार केला. "बरं. मग बसनं ये."

सार्डिनच्या डब्यात दगड बसला, तोंडानं घरघर करत डबा अंगणभर फिरून आला आणि खड्यांच्या दाराशी थांबला. फाटकाशी आलेल्या पाहुण्यानं द्यावी तशी गोरातानं हाक दिली, "को को!"

"कोण आहे?" हुबेहूब केनेल्वेचा आवाज, तोच शेवटाला चढणारा सूर.

"ताई आलीय."

"ये बाई, ये. दमलीस ना? काय आणलंस?" गोरातानं रिकामे हात दाखवले तशी सेतुन्या खेळ थांबवून दबक्या आवाजात म्हणाली, "काहीतरी आणायचं असतं." तिलाच दया आली. उठून ती घराच्या दाराशी गेली आणि तिथं ठेवलेला खुळखुळा, पुठ्ठ्याला दोन बोटांनी धरून, घेऊन आली. तो तिनं गोराताच्या हातात दिला, परत घेतला आणि त्याच्याकडं न बघता विटेवर ठेवला. "वर ठेवते हं. ताईचं आहे, कुणी हात लावायचा नाही. बस, चहा घे. किती वाजताची बस आहे तुझी?"

"बस गेली."

"मग दुसरी?"

"तीही गेली. मी आता जाणारच नाही. मी राहणार."

सेतुन्या केनेल्वेच्या आवाजातून बाहेर पडली. तिनं घराकडं पाहिलं, गोराताकडं पाहिलं, परत घराकडं पाहिलं. "जागा नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. कुंपणापलीकडं ओल्या कपड्यांचा फटकारा ऐकू आला. मग सेतुन्या गुडघ्यांवर सरकली, चुलीकडचे खडे काढून थोडे पुढं लावले, झग्याच्या खिशातून आणखी मूठभर काढले, आणि मोठ्या दगडाच्या नि छोट्या दगडाच्या खोलीला लागून एक तिसरी, अरुंद खोली तयार झाली. पट्ट्यांचा दगड तिनं स्वतः उचलून आत ठेवला.

"थोडी अडचण होईल," ती म्हणाली.

"होऊ दे."

"तू इथंच राहतेस आता?"

"इथंच."

सेतुन्याची नजर विटेवर गेली. कपाळाला बारीक आठी पडली. "मग ते तुझंच आहे ना? आणि तू घरात आहेस." तिनं खुळखुळा उचलून गोराताच्या मांडीवर ठेवला. "उघड मग."

गोरातानं टोपणाच्या कडेला नख घातलं. जुनं प्लास्टिक एकदम कडकन फुटलं, दोघी दचकल्या. खुळखुळा मोकळा झाला आणि सेतुन्यानं तो हातात घेतला. आधी नुसताच धरला, मग जरासा हलवला, कानाशी नेला. मग खाली वाकून तिनं तो पट्ट्यांच्या दगडाशेजारी हळूहळू वाजवायला सुरुवात केली, तान्ह्या मुलाला निजवतात तसा.

"झोप आता," ती दगडाला म्हणाली. "किती लांबून आलीस."

गोराता लिंबोणीच्या बुंध्याला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते येऊ दिलं.

"आतली पण उघडायची?" बऱ्याच वेळानं सेतुन्यानं विचारलं.

"आतली उघडलीत मी. तू फक्त घ्यायची."

सेतुन्यानं मान हलवली. मग डाव्या हातानं सार्डिनचा डबा लोटून दिला, तो घसरत नळापर्यंत गेला. "बस रिकामीच गेली," ती म्हणाली, आणि उजव्या हातानं खुळखुळा चालूच होता. "ताई, उद्या सकाळी खराटा मारशील ना, तर इकडं नको मारूस."

"नाही मारणार," गोराता म्हणाली, आणि खुळखुळ्याचा रिकामा पुठ्ठा तेवढा उचलून तिनं खिशात घातला.